जुन्या नावाचे टर्मिनल

जुलै संपत आला होता. मासेमारीची बंदी उठायची होती, म्हणून आचऱ्याच्या एका बर्फ कारखान्यात टाक्या थंड करायला घेतल्या होत्या. ऑपरेटर सत्यवान यांनी पडदा सुरू केला तेव्हा टाक्यांच्या तापमानाच्या ओळी एकीखाली एक येण्याऐवजी एकमेकींवर चढून आल्या. आकड्यांच्या मध्ये उद्गारचिन्हे घुसली होती. एक टाकी तापत होती आणि तिची ओळ ठळक पट्ट्यात दिसायला हवी होती. पट्टा कुठेच नव्हता. ओळीच्या आधी इंग्रजी टी हे अक्षर तेवढे उभे होते.

सत्यवान यांनी मेल्विना लोबो यांना फोन केला. पडदा काहीतरी सांगतोय पण काय ते कळत नाही, एवढेच ते म्हणाले.

मेल्विना पन्नाशी ओलांडलेल्या आहेत आणि मालवणच्या एका शाळेत संगणक शिकवतात. त्याआधी त्या पणजीत एका छोट्या कंपनीत सी भाषेत प्रोग्रॅम लिहीत. हॉटेलांची बिले, एका गोदामाची आवकजावक असली कामे असत. वडील आजारी पडल्यावर त्या गावी परतल्या. पुढे पणजीची कंपनी बंद झाली, हॉटेलांनी दुसऱ्या यंत्रणा घेतल्या, गोदाम विकले गेले. त्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅमपैकी आज चालू असलेला एकच, तो या कारखान्यातला.

तोही जाण्याच्या बेतात होता. कारखान्याचे मालक सुदेश यांनी कोल्हापूरच्या एका कंपनीचा माणूस दुसऱ्या दिवशी बोलावला होता. टाक्यांचे तापमान मोबाइलवर दाखवणारी यंत्रणा तो आणणार होता. तोवर पडदा सुधारला तर ठीक, नाहीतर तुमचा प्रोग्रॅम काढून टाकू, असे सुदेश यांनी मेल्विनांना स्पष्ट सांगितले होते.

कारखान्यातला पडदा म्हणजे टर्मिनल. त्याला स्वतःचे डोके नसते. आतल्या खोलीतल्या संगणकाकडून तारेने जी अक्षरे येतात ती तो दाखवतो. खाऱ्या हवेत आणि अमोनियाच्या वासात साधे मॉनिटर टिकत नाहीत, जुना जाड पेटीचा टर्मिनल मात्र वर्षानुवर्षे टिकला. कॉम्प्रेसरच्या आवाजात घंटा ऐकू येत नाही, म्हणून सत्यवान लांबून ठळक पट्टा बघतात आणि त्या टाकीकडे जातात. यंदा पावसाच्या तोंडावर तो टर्मिनल कायमचा बंद पडला. सुदेश यांनी गोव्यातल्या भंगारवाल्याकडून तसाच दिसणारा एक आणवला.

मेल्विना रिक्षाने पोचल्या आणि आधी तार तपासली. तार ठीक होती. मग तारेवरून अक्षरे पाठवण्याचा वेग पाहिला, तोही जुळत होता. वेग चुकला असता तर सगळीच अक्षरे बिघडली असती. इथे आकडे वाचता येत होते, फक्त जागा चुकत होत्या.

उरला प्रोग्रॅम. ठळक पट्टा काढायचा तर ओळीच्या आधी टर्मिनलला काही खुणेची अक्षरे पाठवावी लागतात. ती छापायची नसतात, ती आज्ञा असते. ओळ कुठे ठेवायची त्याचीही अशीच आज्ञा असते. प्रत्येक बनावटीची खूण निराळी. म्हणून संगणकात एक डेटाबेस असतो, त्यात टर्मिनलच्या नावाखाली त्याला काय काय येते आणि कोणत्या खुणेने येते ते नोंदलेले असते. मेल्विनांचा प्रोग्रॅम खूण स्वतः ठरवत नाही. तो सीमधल्या एका फंक्शनला विचारतो: या नावाच्या टर्मिनलला ठळक पट्टा कसा सांगायचा? जे उत्तर येईल ते पाठवून देतो.

फंक्शन दोन तऱ्हांनी नाही म्हणते. त्या टर्मिनलला ते येतच नसेल तर रिकामे उत्तर येते. प्रश्नच चुकीचा असेल तर उणे एक येते. मेल्विनांना वाटले, यातले काहीतरी येत असावे. त्यांनी उत्तर बाजूला छापून पाहिले. रिकामे नव्हते, उणे एकही नव्हते. बरोबर तीच खूण होती जी त्यांना इतक्या वर्षांत पाठ झाली होती. प्रश्न बरोबर, उत्तर बरोबर, पाठवले तेही बरोबर. पडद्यावर मात्र टी.

त्यांनी डेटाबेस बिघडला असेल म्हणून तो दुसरीकडून आणून पुन्हा भरला. उत्तर तेच आले. मग प्रोग्रॅममध्ये आपण शेवटचा बदल कधी केला ते शोधले. कित्येक वर्षांत केलाच नव्हता. तरी त्यांनी तो पहिल्यापासून वाचून काढला. ज्या ओळींवर त्यांना कधी शंका आली नव्हती त्यांच्यावरही आता येऊ लागली.

दुपारी सुदेश डोकावले. उभ्या उभ्या त्यांनी पडद्यावरची गर्दी पाहिली.

"गोव्यासून इलो मां," ते म्हणाले, "थोडी घेऊनच इलो असतलो."

मेल्विना हसल्या नाहीत. मागचा सॉकेट सैल असेल असे वाटून त्यांनी पेटी भिंतीपासून ओढून फिरवली. मागे टर्मिनल बनवणाऱ्या कंपनीची पत्र्याची पट्टी होती. तिच्यावर वेगळ्याच बनावटीचे नाव होते. पुढच्या बाजूला मात्र जुन्या टर्मिनलच्या नावाची पट्टी चिकटवलेली होती आणि तिला कुंकू लावलेले होते.

संगणक सुरू होताना समोर कोणता टर्मिनल आहे ते विचारतो, आणि सत्यवान रोज सकाळी ते नाव टाइप करतात. मेल्विनांनी त्यांना हाक मारली.

"दादा, ह्या नाव हेका कोणी दिल्यान?"

"मिया दिलंय. नारळ पण फोडलंय." सत्यवान यांना प्रश्नच विचित्र वाटला. "होडी बदलली म्हणान नाव कोण बदलता?"

सत्यवान या कारखान्यात येण्याआधी भावाच्या होडीवर जात. किनाऱ्यावर अनेक घरांत जुनी होडी मोडली की नव्या होडीवर तेच नाव रंगवतात. त्यांच्या भावाची सध्याची होडी त्या नावाची तिसरी आहे. नाव घराण्याचे असते, लाकडाचे नसते. जुन्या टर्मिनलने इमानाने काम केले, म्हणून त्याची पट्टी काढून त्यांनी नव्याला लावली होती.

मेल्विनांनी समजावून पाहिले. संगणकाच्या लेखी नाव म्हणजे वर्णन. जुने नाव सांगितले की तो जुन्याच्या खुणा पाठवतो, आणि नव्याला त्या कळत नाहीत म्हणून तो त्यातले अक्षर छापून मोकळा होतो. तेव्हा उद्यापासून मागच्या पट्टीवरचे नाव टाइप करायचे. सत्यवान यांनी सगळे ऐकून घेतले.

"कौल घेतल्याशिवाय नाव बदलूचा नाय, बाय," ते म्हणाले. "सोमवारी देवळात विचारतंय."

कोल्हापूरचा माणूस सोमवारच्या आधी येणार होता. मेल्विना चर्चला जाणाऱ्या, पण देवाच्या मूर्तीला फुले लावून विचारलेल्या प्रश्नावर वाद घालायचा नसतो हे त्यांना याच गावांत वाढून माहीत होते. सत्यवान यांच्या अपरोक्ष नाव बदलणे त्यांना पटेना. सुदेश यांच्याकडे तक्रार करणे त्याहून पटेना. प्रोग्रॅममध्येच नव्या खुणा कोंबाव्यात, तर इतकी वर्षे त्या शाळेत मुलांना जे करू नका म्हणून सांगत आल्या तेच केल्यासारखे होते. एक शब्द टाइप करायचा होता आणि तो टाइप करता येत नव्हता.

मग त्यांना डेटाबेसची एक रीत आठवली. संगणक नाव आधी वापरणाऱ्याच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये शोधतो. तिथे मिळाले नाही तरच मोठ्या डेटाबेसकडे जातो. मेल्विनांनी त्या फोल्डरसाठी एक छोटी नोंद लिहिली. वर नाव जुन्या टर्मिनलचे. खाली सूचना अशी की याला जे जे येते ते मागच्या पट्टीवरच्या बनावटीप्रमाणे समजावे. नोंद भरली आणि सत्यवान यांना नेहमीसारखे सुरू करायला सांगितले. त्यांनी जुनेच नाव टाइप केले. ओळी एकीखाली एक आल्या. तापणाऱ्या टाकीवर पट्टा पडला. सत्यवान यांनी व्हॉल्व्हकडे जाता जाता मान डोलावली.

सकाळी कोल्हापूरचा माणूस आला. सुदेश यांनी त्याला बसवले आणि कॉम्प्रेसरपाशी जाऊन पडदा दिसतो का ते पाहिले. एक टाकी पुन्हा तापली होती आणि तिचा पट्टा तिथूनही दिसत होता.

"काय केलास?" त्यांनी मेल्विनांना विचारले.

"ह्या नावाची उत्तरां बदललंय."

"म्हणजे आदी चुकीची होती?"

"नाय. आदी पण बरोबर होती."

सुदेश यांनी पडद्याकडे पाहिले, मग मेल्विनांकडे. कोल्हापूरच्या माणसाने टर्मिनलची बनावट विचारली तेव्हा सत्यवान यांनी पुढच्या पट्टीवरचे नाव अभिमानाने सांगितले. त्याने ते मोबाइलवर शोधले. फोटोतली पेटी आणि समोरची पेटी तो आळीपाळीने बघत राहिला.

मेल्विना अजून उभ्याच होत्या. प्रोग्रॅम राहणार का, असे त्यांनी शेवटी विचारले.

"ऱ्हवांदे तो," सुदेश म्हणाले. "माका कळलेला नाय, पण पट्टो दिसता."