मायचा वाढलेला मुक्काम

आमच्या चाकापाम्बा गावात फिरती माय एकतीस घरांत जाते. हातभर उंचीची लाकडी पेटी, पुढे काच आणि आत कडेवर बाळ घेतलेल्या मारियामातेची मूर्ती. एका घरी एकच दिवस. सकाळी अकराला मेणबत्ती पेटवून तिला पुढच्या घरी पोचती करायची, मग बाहेर गारा पडोत नाहीतर घरात लग्न असो. कोणाचा दिवस कोणता, याची यादी देल्फिना कायेच्या स्वयंपाकघरात भिंतीला टाचलेली असायची, आणि या यादीच्या बाबतीत बाई कोणाच्या बापाचं ऐकत नसे.

एकदा क्लेमेंतिनाने लेकीच्या लग्नात पेटी दोन दिवस ठेवून घेतली. देल्फिनाने चॅपलच्या पायऱ्यांवर चारचौघांत तिची बिनपाण्याने केली. "माय काय तुझ्या एकटीची आहे का गं? तुझ्याकडे वऱ्हाड आलं म्हणून दुसऱ्याच्या घरी अंधार?" क्लेमेंतिना डोळे पुसत घरी गेली. देल्फिना मात्र त्या दिवशी आपण मोठं पुण्याचं काम केलं अशा समाधानात दोन वाट्या मोते जास्त जेवली. उकडलेला मका तिला तसाही कमी पडायचा.

तर अशी ही कडक बाई. नवरा लिसार्दो मात्र तिच्या अगदी उलट. त्याचा जन्म बसच्या दारात लोंबकळून "क्वेंका, क्वेंका, क्वेंका" ओरडण्यात गेलेला. घरी आला तरी तोंडाला खीळ नाही. कोणती म्हातारी कोंबड्या घेऊन चढली, कोण न सांगता उतरलं, सगळं बायकोला ऐकवायचा. ती अंगणात बसून गवती टोप्या विणायची आणि म्हणायची, "जरा गप बसायचं काय घ्याल?" चाळीस वर्षं असं चाललं. मग मार्च महिन्यात त्याला झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. शहरातला, क्वेंकाचा डॉक्टर म्हणाला, येईल किंवा येणार नाही, तुम्ही आपलं त्याच्याशी बोलत राहा.

आठ महिने देल्फिना एकटीच बोलत राहिली. चुलीशेजारच्या खुर्चीत तो बसलेला, डोळे जागे, कान शाबूत आणि तोंडातून हूं की चूं नाही. टोपी विणता विणता तिचे हात थांबायचे. गप बसा, गप बसा म्हणून आपणच देवाच्या कानी कपाळी ओरडलो आणि त्याने ते खरं केलं, असं तिला वाटायचं. दर महिन्याच्या चौदा तारखेला माय घरी आली की ती एकच मागायची. बाई गं, याला एक शब्द दे. कसलाही दे, शिवी दिलीस तरी चालेल.

नोव्हेंबरच्या चौदाला माय आली. देल्फिनाने पेटी लिसार्दोच्या समोर, मेजावर ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी चूल पेटवताना तिने वळून पाहिलं, तर पेटीकडे बघत त्याचे ओठ हलत होते. आवाज नव्हता, पण ओठ हलत होते. देल्फिनाच्या हातातली काडी विझली.

अकरा वाजले. पेटी आता पंधरा नंबरला, म्हणजे त्याच क्लेमेंतिनाकडे न्यायची. देल्फिनाने मेणबत्ती हातात घेतली आणि परत ठेवली. अजून एक दिवस, तिने मनाशी म्हटलं. एका दिवसाने कोणाचं काय जातंय? पुढे तिलाच वाटलं, एक दिवस काय कामाचा, नऊ दिवस प्रार्थना केली की मागितलेलं मिळतं असं तर सगळेच म्हणतात. तिने क्लेमेंतिनाला निरोप धाडला: पेटीची काच तडकली, क्वेंकाला बसवायला पाठवली आहे. यादी सांभाळणारीच सांगते म्हटल्यावर शंका कोण घेणार? क्लेमेंतिनाने उलट निरोप पाठवला, बरं झालं, जुनाट झालीच होती काच.

खोटं बोलणं देल्फिनाला वाटलं त्यापेक्षा सोपं गेलं. दारात कोणी आलं की पेटी आतल्या खोलीत, घोंगडीखाली. माणूस गेलं की पुन्हा मेजावर. सतराला सोळा नंबरची ओब्दुलिया येऊन गेली. विधवा बाई, पदरात नव्वदीचा बाप, आबेलिनो. "मावशी, काच कधी व्हायची? बाबांनी काल सोळा तारीख म्हणून दाढी करून घेतली, धुतलेला सदरा घातला आणि दिवसभर दाराकडे तोंड करून बसले. आज सकाळी पुन्हा दाढी करायला लावली."

"अगं, काचवाल्याचं काय सांगावं? दोन दिवस म्हणतो आणि चार लावतो," देल्फिना म्हणाली.

ती हे बोलत असताना लिसार्दोने धड असलेल्या डाव्या हाताने तिचा एप्रन ओढला. त्याला पाणी हवं असेल म्हणून तिने पेला तोंडाला लावला, तर त्याने मान फिरवली. नंतर पेटी मेजावर आल्यावरही तो तिकडे बघेना, भिंतीकडे तोंड करून बसला. ओठही हलेनात. आपली प्रार्थनाच कमी पडते आहे असं ठरवून देल्फिनाने त्या दिवशी जपमाळ दोनदा जास्त केली. एवढी शहाणी बाई, पण माणूस बायकोवर रुसला असेल हे तिच्या डोक्यातही आलं नाही.

वीस तारखेला सकाळी ओब्दुलिया पुन्हा आली. या खेपेला धावत आली होती. शाल नाही, हाताला मक्याचं पीठ तसंच. चाहूल लागताच देल्फिनाने पेटी आत नेऊन घोंगडीखाली घातली आणि उंबऱ्यातच तिला अडवलं.

"मावशी, बाबांचं काही खरं नाही. पहाटेपासून घरघर लागली आहे. मायला आण, मायला आण, एवढंच कालपर्यंत म्हणत होते, आता तेही नाही. आली का हो ती?"

आता द्यावी, असं देल्फिनाच्या मनात आलं. आलं नाही असं नाही. पण घोंगडी काढली की सात दिवसांचं सगळं उघडं पडणार, आणि नऊला दोनच दिवस उरलेले. "नाही गं पोरी," ती म्हणाली. "मी तरी काय करू? इथे नाही ती."

"आहे."

आवाज घोगरा होता, गंजलेल्या बिजागरीसारखा. दोघीही दचकल्या. खुर्चीत लिसार्दो पुढे वाकला होता, मान थरथरत होती.

"आहे," तो पुन्हा म्हणाला आणि आतल्या खोलीकडे बोट केलं. "तिथे. दे... दे तिला."

देल्फिना आनंदाने वळली. दोन्ही हात पसरून त्याच्याकडे दोन पावलं गेलीसुद्धा. मग तो काय म्हणाला ते तिच्या डोक्यात शिरलं आणि पाय जागच्या जागी थिजले. आठ महिन्यांनी नवऱ्याला वाचा फुटली होती आणि ती बायकोला खोटं पाडायला फुटली होती. तिला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. मागे ओब्दुलिया उभी होती आणि तिच्याकडे वळून बघायची देल्फिनाची हिंमत होईना.

ओब्दुलिया भांडली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "चला मावशी, लवकर घ्या."

पेटी देल्फिनाने स्वतः उचलली. उताराची वाट, काल पाऊस झालेला, दोघी घसरत सावरत निघाल्या. मेणबत्ती घरीच राहिली. ओब्दुलिया पुढून चालता चालता बोलत होती, राग नाही, नुसता जीव घाबरा झालेला: "येताना सारखी म्हणत होते, माय, मावशीच्या घरी आलेली अस. तुम्ही नाही म्हणालात ना, तेव्हाही मनात तेच चाललं होतं. घरी आलेली अस, घरी आलेली अस." देल्फिनाच्या हातात पेटी जड झाली.

म्हातारा जिवंत होता. दाढी केलेली होती. ओब्दुलियाने त्याचा पंजा उचलून काचेवर ठेवला, तेव्हा त्याची बोटं थोडी वाकली आणि डोळ्यांच्या कडेला पाणी आलं. दर महिन्याला तो मायपुढे पूर्ण प्रार्थना मोठ्याने म्हणायचा, आवाज गल्लीपर्यंत जायचा. आज त्याच्या घशातून नुसती हवा येत होती. परवा आणली असती तर त्याने म्हटली असती, हे देल्फिनाला कळत होतं. तिने त्याच्या ऐवजी म्हणायला सुरुवात केली आणि तिचा आवाज मध्येच गेला. ओब्दुलियाने पुरी केली. दुपारी चारला म्हातारा गेला.

रात्रजागरणाला सारा गाव जमला आणि लिसार्दो बोलल्याची बातमी तिथेच पसरली. पेटी काच बसून परत आली आणि तो बोलला, असंच सगळ्यांना वाटलं. मयताच्या घरात लोक देल्फिनाच्या गळ्यात पडू लागले. "नशीबवान गं बाई! मायने ऐकलं तुझं." क्लेमेंतिनानेही येऊन तिचे हात धरले. मागचं सगळं विसरून तिने विचारलं, "पहिला शब्द कोणता बोलले गं? तुझं नाव घेतलं का?"

कॉफीचे पेले घेऊन आलेली ओब्दुलिया तिथेच उभी होती. ती म्हणाली, "मी होते ना तिथे. इतक्या दिवसांनी बोलले, नीट कळलंच नाही काय ते." आणि तिने देल्फिनाच्या हातात पेला दिला.

ज्या बाईच्या बापाला आपण चार दिवस वाट बघायला लावली, तीच आपली लाज झाकते आहे. देल्फिनाने कॉफी तशीच खाली ठेवली. पुढचे नऊ दिवस ती रोज संध्याकाळी त्या घरी प्रार्थनेला गेली आणि रोज कोणीतरी तिला नशीबवान म्हणालं. घरी लिसार्दो एक एक शब्द गोळा करत होता: पाणी, भाकर, ऊन. ती त्याचं ऐकत असायची, त्याच्या डोळ्याला डोळा मात्र देत नसे. तोही त्या सकाळबद्दल बोलला नाही. बोलायला येत होतं, तरी नाही.

महिन्यातून एकदा येणारे फादर रविवारी आले. लिसार्दोला चौघांनी खुर्चीसकट चॅपलमध्ये आणून पुढे बसवलं होतं. फादर खुशीत होते. म्हणाले, "देल्फिना, उठ आणि सगळ्यांना सांग. मायने तुझी प्रार्थना कशी ऐकली?"

ती उठली. शालीचं टोक हातात पिळत होती. ओब्दुलिया तिसऱ्या बाकावर होती, काळ्या कपड्यांत, आणि तिने हळूच मान हलवली, नको म्हणून.

"लिसार्दोचा पहिला शब्द होता, आहे," देल्फिना म्हणाली. "कारण मी ओब्दुलियाला म्हटलं होतं, नाही. पेटी क्वेंकाला गेलीच नव्हती, फादर. काच तडकली नव्हती. सात दिवस ती माझ्या घरी होती, कोणी आलं की घोंगडीखाली. तिकडे आबेलिनोबाबा रोज दाढी करून दाराकडे बघत होते."

क्लेमेंतिनाचं तोंड उघडंच राहिलं होतं.

फादर चाचरत म्हणाले, "पण तरीही... मायने तुझी प्रार्थना ऐकलीच की."

"माझी नाही ऐकली, फादर," देल्फिना म्हणाली. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते ती पुसतही नव्हती. "मी सात दिवस दार लावून मागत होते, तेव्हा तिने काही दिलं नाही. ओब्दुलियाने माझ्या दारात उभ्या उभ्या मागितलं आणि त्याच घटकेला मिळालं. माझा नवरा बोलला तो तिच्यासाठी बोलला. मी फक्त मध्ये आडवी उभी होते."