सगळ्यांनाच आराम

ऐंशीनंतरची ती पहिली काही वर्षं. सौंसरच्या बुद्धविहारात मी बायांना योगासनं शिकवायची, आणि माझ्या हाताला जे कळतं ते शास्त्राच्या कागदावर कसं आणायचं, या एका गोष्टीनं माझं डोकं खाल्लं होतं. शाळेत शिकवून सुटले की संध्याकाळी मी सतरंजी अंथरायची. कापूस वेचून, संत्र्याच्या टोपल्या वाहून कंबर धरलेल्या बाया यायच्या. शाळेतले मास्तर हसायचे. म्हणायचे, "हातपाय हलवून दुखणं जाते काय बाई? गोळी घ्या म्हणा त्यायले." माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. म्हणून मी नागपूरच्या एका डॉक्टरीणबाईंच्या मागेच लागले. त्या सांध्यांच्या दुखण्यावर संशोधन करत होत्या. म्हटलं, या, मोजा, बायांना विचारा, काय निघेल ते लिहा. शेवटी त्या हो म्हणाल्या आणि महिन्यातल्या एका रविवारी बसनं यायला लागल्या.

मला खरी काळजी होती ती आमच्या शेजारच्या मावशीची. आई मजुरीला जायची तेव्हा मी हिच्याच घरी वाढले. मावशीचा उजवा खांदा असा जाम झाला होता की स्वतःचा अंबाडा बांधता येत नव्हता. सून बांधून द्यायची, आणि चांगली ओढून बांधायची. मावशी म्हणायची, "दुसऱ्याच्या हातात डोकं देनं लय वाईट, पोरी. माहा हात तेवढा डोक्यावर पोचवून दे."

डॉक्टरीणबाईंनी कोन मोजायची पट्टी लावली. मावशीनं हात उचलला, मागच्या खेपेपेक्षा बराच वर.

"दुखतं का?"

"नाई वो बाई. लय आराम हाये."

डॉक्टरीणबाई खूश. माझा पंजा मात्र मावशीच्या पाठीवर होता, खांद्यामागच्या खवाट्याच्या हाडावर, आणि ते हाड जागचं हलतच नव्हतं! ती कमरेतून तिरपी होऊन, सगळं अंग उचलून तो हात वर ढकलत होती. मी तसं म्हटलं, तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुमच्या हाताला काय वाटलं ते मी कुठल्या रकान्यात लिहू? पेशंट काय म्हणते आणि पट्टी काय दाखवते, एवढंच मला लिहिता येतं." चूक त्यांची नव्हती. पण राग आला तो आलाच.

बरं, मावशी एकटी कुठं! सगळ्यांनाच आराम. जिची कंबर आदल्या दिवशी धरली होती, तिलाही आराम.

डॉक्टरीणबाई गेल्यावर मी बायांवर भडकले. "कायले खोटं बोलता वो तुम्ही?"

एक जण म्हणाली, "खोटं कायचं बाई? ती एवढ्या दुरून येऊन राहिली, तिच्यापुढं काय रडगानं गायचं? अन् तुमचं नाव खराब होईन ते?"

मी कपाळावर हात मारला. जेवायला बोलावलेल्या घरी भाजी खारट झाली असं कोणी सांगत नाही, तसलाच हा प्रकार. पुढच्या खेपेआधी मी सगळ्यांना चांगलं फैलावर घेतलं. "माझी इज्जत वाचवायची असंल तर दुखते म्हणून सांगा! आराम आराम करू नका!"

रविवारी डॉक्टरीणबाई विचारायला बसल्या. पहिली म्हणाली, "दुखते." दुसरी म्हणाली, "दुखते बाई, लयच दुखते." तिसरीची कंबर खरोखर बरी झाली होती. सकाळीच भरला हंडा डोक्यावर घेऊन माझ्याशी हसत बोलली होती. तिनं एकवार माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "मरनाची दुखते." सगळं माझ्यासाठी! जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं मला.

डॉक्टरीणबाईंनी फाइल मिटली. "यातलं काही छापता यायचं नाही. तुम्ही पढवता ते त्या बोलतात." एवढं बोलून त्या सरळ बसस्टँडकडं निघाल्या.

बाया पांगल्या. मावशी सतरंजीची घडी घालायला मागे थांबली. मी चिडूनच तिला खाली बसवलं. "हात वर करू नको. काहीच करू नको. नुसता माझ्या हातात सोड." मग खवाट्याखाली बोटं घालून मी हलकेच दाबलं.

"आई गं!" ती केवढ्यानं किंचाळली. इतक्या महिन्यांत तिचा असा आवाज मी ऐकला नव्हता.

"इथं दुखते?"

"इथंच. पहिल्या दिवसापासून. तू 'हात वर' म्हनली का जीव जाये माहा."

"मग मला बोलली का नाही एकदाही?"

तिनं पदरानं डोळे पुसले. "तू मले कुठं विचारलं पोरी? तू त डॉक्टरीनबाईलेच सांगून राहिली होती."