हसरा चेहरा

नऊ वर्षांच्या माझ्या भाचीच्या, मनूच्या हाडांना वर्षभरापासून सूज आहे. ताई आणि मी तिला घेऊन तपासणीच्या खोलीत बसलो होतो. मोठे डॉक्टर आले, मागे विद्यार्थ्यांची वरात. साड्या दाखवाव्यात तसे त्यांनी उपाय मांडले: चालू आहेत त्याच गोळ्या, नाहीतर दर आठवड्याला इंजेक्शन, किंवा सलाईनमधून औषध. मग मनूपुढे चेहऱ्यांचा तक्ता धरला. "किती दुखतं?" तिने हसऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवलं. "छान सुधारणा!" विद्यार्थ्यांनी लिहून घेतलं.

माझा हात धरून बाहेर येताना ती लंगडत होती.

"खरंच दुखत नाही?"

"दुखतं रे मामा. पण रडका दाखवला की सुई येते. सांगू नकोस हं."

मुलांनी खरं बोलावं म्हणून आपण हट्ट धरतो, आणि बोलली की टोचतो.

आत ताई म्हणत होती, "मग गोळ्याच पुरेत ना, डॉक्टर?"

मी दार ढकललं. मनूने माझा हात सोडला.