कमरेचा भोपळा
कोऱ्या लुगड्याच्या खळीचा वास आला की मला सावली गावाजवळचं, वैनगंगेच्या काठचं एक अंगण आठवतं. एकोणीसशे पन्नासनंतरची ती वर्षं. मी तेव्हा गिरण्यांच्या कॅलेंडरांवर साड्या नेसून झळकायची. नदीत नावेवर उभं राहून फोटो काढायचा हट्ट माझाच होता. फोटोवाला काठावरच राहिला, मधल्या धारेत नाव कलंडली आणि नावाडी बुडाला. मी वाचले. ते काम सोडलं आणि उन्हाळ्यात लुगडी वाटायला नावाड्याच्याच गावी आले. अंगणात जाळी वाळत होती, मोहफुलांचा वास दाटला होता. नावाड्याच्या बायकोनं लुगडं मांडीवर घेतलं, पण घडी मोडली नाही. "बाई, तू तं संगं होती. तरंगाचा सुका भोपळा रोज मीच त्याच्या कमरेले बांधून देत होती. लाश भेटली, भोपळा नाई भेटला. माझीच गाठ ढिली राह्यली असन का वो?" मी म्हणाले, "मला काही आठवत नाही." "कसं आठवन? तू बी मरणातूनच आली," म्हणत तिनंच मला पाणी दिलं. पुढं मी गावोगाव लुगडी वाटली, लोक देवमाणूस म्हणू लागले, आणि त्या अंगणात मी पुन्हा गेले नाही. आता ती नाही, ऐकणारं कुणीच नाही, तरी सांगते. भोपळा माझ्या कमरेला होता. दूर खाली एकटीच काठाला लागल्यावर मी तो वाळूत टाकून दिला. तिची गाठ ढिली नव्हती. इतकी पक्की होती, की बुडता बुडता त्याला ती दातांनी सोडावी लागली.