मामा आणि बाळदही

गडचिरोलीत लहान लेकराच्या तोंडाशी दह्याची वाटी नेण्याआधी आपल्याला विचारलं पाहिजे, अशी माझ्या बायकोच्या मामांची प्रामाणिक समजूत होती. लेकरू कोणाचंही असो, त्याच्या दह्याची जबाबदारी मामांची. जंगलखात्यातून निवृत्त झाल्यावर माणसं भजनात रमतात, शेती करतात. मामा आठवडी बाजारात गवळणींच्या रांगेसमोर उकिडवे बसत. गाडगं तिरपं करून दही कडेपासून सुटतं का ते बघत, मग नाक आत घालत, मग करंगळीच्या नखावर थेंबभर घेऊन डोळे मिटत. गवळण बिचारी हात जोडून निकालाची वाट बघायची. "सकाळचं विरजण नाई हे," ते डोळे न उघडता म्हणत, "कालचं उरलेलं तू ह्यात ढवळलं." मग ती खाली बघायची आणि मामा पुढच्या गाडग्याकडे सरकायचे.

एकदा आम्ही त्यांच्याबरोबर मार्कंड्याच्या जत्रेला गेलो होतो. नदीकाठी एक अनोळखी बाई आपल्या मुलाला पळसाच्या द्रोणातून दही भरवत होती. मामांनी चालता चालता तो द्रोण तिच्या हातातून काढून घेतला, चव घेतली, क्षणभर विचार केला आणि परत दिला. "जरासं आंबट हाये, पण चालते. दे त्याले." बाई द्रोण हातात धरून नुसती बघत राहिली. मामा मात्र देवळाच्या दिशेने निघूनही गेले होते.

आमच्या मुलीला गोवर झाला, ते तिचं तिसरं वर्ष. गोवर ओसरला, पण अन्नावरची वासना गेली. डॉक्टर म्हणाले, "निदान दही तरी पोटात जाऊ द्या." ती तोंड घट्ट मिटून घ्यायची. मांडीवर घेतली की पाखरासारखी हलकी लागायची. त्याच सुमारास मोटारस्टँडजवळ एक नवं मिठाईचं दुकान निघालं होतं. गुबगुबीत बाळाचं चित्र काढलेली पाटी, आणि खाली मातीच्या इवल्याशा कुल्हडांत गुलाबी रंगाचं 'बाळदही'. मी एक घरी आणलं. मुलीने ते चाटूनपुसून खाल्लं आणि आणखी मागितलं. बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. आम्ही रोज आणू लागलो.

मग मामा आले. कोनाड्यातलं गुलाबी कुल्हड त्यांनी उचललं, नखावर थेंब घेतला आणि त्यांचे डोळे मिटलेच नाहीत. "जावईबापू," ते अगदी हळू म्हणाले, "चपला घाला."

दुकानात संध्याकाळची गर्दी होती. मामांनी एक बाळदही मागून घेतलं, आपल्या पांढऱ्या शुभ्र उपरण्याच्या टोकात ओतलं, पुरचुंडी बांधली आणि ती सरळ दुकानदाराच्या तराजूच्या आकड्याला टांगली. मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. थेंब थेंब गुलाबी पाणी गळू लागलं. लोक गोळा झाले. दुकानदार आधी ओरडला, मग तोही पुरचुंडीकडे बघू लागला. गळायचं थांबल्यावर मामांनी पुरचुंडी सोडली. आत चक्का नव्हताच. खळीसारखा चिकट गोळा होता.

"हे काय हाये?"

"शिंगाड्याचं पीठ, मामाजी. घट्टपणा पाह्यजे ना."

"अन् रंग?"

"जिलबीचाच हाये."

"अन् दही?"

दुकानदार घुटमळला. "असते ना. थोडं थोडं असते."

ओट्यावर लेकरांना भरवणाऱ्या बायांचे हात तिथेच थांबले. हेच मी आजारी मुलीला स्वतःच्या हाताने भरवत होतो. मामांचा आवाज चढला नाही. "मोठ्या माणसाले काही बी विक, बापू. त्याले बोलता येते. पण पाटीवर लेकरू काऊन काढलं?" दुकानदाराने पाटी उतरवून भिंतीकडे तोंड करून ठेवली.

विजय झाला, पण मुलगी उपाशीच राहिली. मामा सकाळी स्वतः गवळीवाड्यात जाऊन निवडून दही आणत. घट्ट, गोड, सुरी फिरवावी असं. मुलगी ते थुंकून टाकी आणि "गुलाबी पाह्यजे" म्हणून रडे. दह्यात काही मिसळणं म्हणजे पाप, असं मानणारा तो माणूस तिच्या उशाशी हताश बसून राहायचा. एका दुपारी मात्र ते उठून बाजारात गेले आणि पिकलेली टेंभरं, म्हणजे तेंदूची फळं, घेऊन आले. बिया काढल्या, पिवळा गर चोळला आणि दह्याची वाटी पुढे ओढली. "माह्याकडे पाहू नका कोणी," ते आम्हाला म्हणाले. आम्ही मान वळवली खरी, पण विश्वास बसत नव्हता. मामा दह्यात फळ कालवत होते, वर गूळही किसत होते.

"गुलाबी नाई हे, आबाजी," मुलगी मामांना म्हणाली.

"गुलाबी संपलं. राजाच्या लेकराईले पिवळंच देतात."

तिने संशयाने जिभेचं टोक लावलं. मग वाटी दोन्ही हातांनी धरली. मामा परसात जाऊन बराच वेळ तोंड धूत राहिले.

मुलगी त्या उन्हाळ्यात सावरली. मामा पुढे काही वर्षं होते. शेवटच्या दुखण्यात त्यांना अन्न जाईना, तेव्हा बायकोने घरी दही लावून नेलं. इतकं भीत भीत तिने कधी विरजण लावलं नसेल. मामांनी गाडगं तिरपं केलं नाही, वासही घेतला नाही. तिने चमचा ओठांशी नेला, तर तो आत जायच्या आधीच ते म्हणाले, "चांगलं झालं, बाई."

बायको माझ्याकडे बघू लागली. चमचा अजून तिच्या हातात भरलेलाच होता.