बाजाराचा वार

मला विसरण्याचा आजार झालेला नाही. हे मी डॉक्टरांना सांगितलं, मुलाला सांगितलं, सुनेला फोनवर सांगितलं, आणि आता लिहूनही ठेवते.

आमचं गाव लोणारपासून जवळ, आठवडी बाजाराचं. तिथल्याच शाळेत मी शिकवलं, निवृत्त झाले, आणि नवरा गेल्यापासून त्याच घरात एकटी राहते. मध्यंतरी गॅसवर दूध ठेवून शेजारणीशी बोलत बसले आणि पातेलं जळलं. तेवढ्यावरून मुलगा पुण्याहून गाडी घेऊन आला आणि मला लोणारला डॉक्टरांकडे घेऊन निघाला. वाटेत आमचा बाजार भरला होता, म्हणून मी गाडी थांबवून मेथीची जुडी घेतली. ती हातात घेऊनच दवाखान्यात बसले.

डॉक्टरांनी विचारलं, "आजी, आज वार कोणता?"

"बुधवार."

होता शनिवार. मुलाचा चेहरा पडला. मला त्या 'आजी'चाच राग आला होता, पण तो कुणाला सांगणार.

आमच्याकडे बाजाराच्या दिवशी मजूर शेतात जात नाहीत, शाळा सकाळची भरते, घरोघरी भाजी ताजी असते. एका बाजारापासून दुसऱ्या बाजारापर्यंत आमचा आठवडा. माझी अख्खी नोकरी हा बाजार बुधवारी भरला. मग गाड्यांची गर्दी वाढली, आणि ग्रामपंचायतीनं तो शनिवारी नेला. ठराव झाला खरा, पण माझ्या डोक्याला कुणी विचारलं होतं? हातात मेथी म्हणजे बाजार, आणि बाजार म्हणजे बुधवार. जुनी आठवण मुरलेली, नवी अजून कच्ची. जुनीनं नवीला ढकललं आणि तीच तोंडातून बाहेर पडली. यात विसरणं कुठे आलं? एकाच्या जागी दोन वार डोक्यात बसलेत, एवढंच.

वर्गात एखाद्या जुन्या विद्यार्थ्याचा धाकटा भाऊ आला की मी त्याला थोरल्याच्या नावानं हाक मारायची. वर्ष संपेपर्यंत मारायची. तेव्हा मला कुणी दवाखान्यात नेलं नाही. तेव्हा केस काळे होते ना!

डॉक्टरांनी आणखी बरंच विचारलं आणि म्हणाले, काळजीचं काही नाही, पण एकटं ठेवू नका. त्या 'पण'नं माझं टाळकं सणकलं.

घरी आल्यावर मुलानं विषय काढला. "आई, घराला कुलूप लावू. माझ्याकडे चल."

"मी नाही येत."

"पण का?"

मग मी खरं कारण सांगितलं. वाराचं झालं त्याच्या उलटंही होतं. नवी आठवण जुनीला खाऊन टाकते. माझ्या आईचा एकच फोटो होता, कुणाच्या तरी लग्नातला, उसनं लुगडं नेसून ताठ उभी राहिलेली. तो मी मोठा करून भिंतीवर लावला आणि वर्षानुवर्षं पाहिला. आता आई आठवायला जावं तर तोच फोटो समोर येतो. मला रागावताना मध्येच हसू फुटायचं ती आई शोधूनही सापडत नाही. म्हणून मी नवऱ्याचा फोटो लावला नाही. पाहुणे नावं ठेवतात, ठेवू देत.

"तुह्या पुण्याच्या ओट्यावर मी रोज चहा करीन," मी म्हणाले, "अन् ह्या ओट्यापाशी तुहे बाबा गाळणी शोधत उभे राहात, ते पुसून जातीन. मले ते लागतात. मी त्याहिच्यावर दुसरं काही चढू देणार नाही."

मग त्यानं खिशातून फोन काढला. शेवटच्या आजारात दवाखान्यातून बापानं पाठवलेला आवाज त्यात होता. धाप लागलेला, दोन शब्दांमध्ये थांबणारा.

"रोज ऐकतो," तो म्हणाला. "आता मले त्याहिचा दुसरा आवाजच आठवत नाही. चांगले होते तव्हाचा. कसे बोलत होते वं ते?"

पुण्याची भाषा कुठल्या कुठे गेली होती.

मी उठले, दारात उभी राहिले आणि कंबरेवर हात ठेवून, ते ओरडायचे तशी ओरडले, "काऊन बे, अजून लोळूनच राह्यला? ऊन डोक्यावर आलं न! मी येऊ का तिकडं?"

तो आधी दचकला, मग हसला, आणि हसता हसता रडू लागला. "अजून एकदा म्हण," म्हणाला, आणि आवाज भरून घ्यायला त्यानं फोन माझ्यासमोर धरला.

मी त्याचा हात खाली केला. "ह्याच्यात नको भरू. ऐकू वाटलं का घरी ये. मी हाओ अठी."

त्यानं फोन खिशात ठेवला. कुलपाचा विषय त्यानं पुन्हा काढला नाही.