खांबाच्या टोकावरचे तीन दिवे

मी लोह्याच्या शाळेत विज्ञान शिकवते. माहेर किल्लारीच्या बाजूचं, भूकंपानंतर नव्यानं वसवलेलं गाव. तिथं माझी माय एकटी राहते. शिक्षण चौथीपर्यंतचं.

दोन वर्षांपूर्वी हुरड्याच्या दिवसांत मी तिच्याकडे गेले होते. दिवेलागण होऊन गेली होती आणि माय अंगणातल्या चुलीवर भाकरी करत होती. शेजारीण धावतच आली आणि वर बघा म्हणाली. दक्षिणेला, उसाच्या फडावर, तांबूस रंगाचे तीन दिवे आभाळात टांगल्यासारखे दिसत होते. आवाज काही नव्हता. मी लगेच सांगून टाकलं, उपग्रह असतील.

माय हात पुसत उठली. फाटकाशी एका जागी उभी राहिली आणि मला तिथंच बोलावलं.

"उपग्रह चालतात म्हणतीस ना? मग खांबाच्या टोकावर नजर धर. हे तर हालत न्हाईत."

विजेच्या खांबाच्या टोकावर मधला दिवा बरोबर बसला होता, आणि तो तिथून तसूभरही सरकला नाही. दोन भाकरी होतील एवढ्या वेळानं डावीकडून एकेक करून तिन्ही विझले.

तोवर गल्लीत माणसं जमली होती. भूकंपाच्या आधी असाच उजेड दिसला होता, असं कुणीतरी बोललं आणि अंथरुणं बाहेर निघू लागली. माझा थोरला भाऊ त्या भूकंपात गेला. माय स्वतः दिवसभर मातीखाली होती. ती गल्लीत जाऊन उभी राहिली तशी माणसं गप्प झाली.

"त्या राती गणपती बोळवून येताना मी आभाळ बघितलं व्हतं," ती म्हणाली. "काहीबी नव्हतं. उगं लेकरांना भिववू नका."

बरीच अंथरुणं परत आत गेली.

दुसऱ्या दिवशी लातूरहून एका वृत्तवाहिनीचा बातमीदार आला. उडती तबकडी होती असं मायनं म्हणावं, यासाठी त्यानं तीन वेळा प्रश्न फिरवून विचारला. तिन्ही वेळा मायनं एकच सांगितलं. "तीन दिवे दिसले. तांबडे. हालले न्हाईत. काय व्हते ते मला ठावं न्हाई."

तिचं बोलणं त्यांनी दाखवलं नाही. शेजारणीला गोल ताटासारखं काहीतरी दिसलं होतं म्हणे, ते मात्र दाखवलं.

मी नांदेडच्या एका निवृत्त प्राध्यापकांना फोन लावून दिला. त्यांना आकाशनिरीक्षणाचा नाद आहे. अर्धा तास ते मायला विचारत होते आणि ती न अडखळता सांगत होती: दिशा, उंची, रंग, कोणता दिवा आधी विझला. शेवटी त्यांनी मला सांगितलं की हे उपग्रह नव्हते, ग्रहही नव्हते. त्यापलीकडे त्यांनाही सांगता येईना. मग म्हणाले, "तुमच्या आईंसारखं नीट बघणारी माणसं मला फार थोडी भेटली."

नीट न बघताच उपग्रह म्हणून मोकळी झालेली बी.एस्सी. मी होते. तरी लाज फार वेळ टिकली नाही. ऊर भरून आला होता.

आता निरीक्षणाचा धडा आला की मी वर्गात हे सगळं सांगते, माझी चूकसुद्धा. यंदा आठवीतल्या एका मुलीनं विचारलं, "बाई, तुमच्या आईला हे शिकवलं कुणी?"

"कुणीच नाही," मी म्हणाले. आवाज जरा मोठाच लागला असावा, कारण शेजारच्या वर्गातल्या बाई दारात येऊन बघून गेल्या.